‘तुम्ही हसणार नसाल तर सांगतो’: यूएफओच्या नोंदी तपासायला निघालेल्या नवख्यांसाठी

यूएफओ, म्हणजे आकाशात दिसलेली पण ओळखू न आलेली वस्तू, पाहिलेल्या माणसाचा फोन बहुधा याच वाक्याने सुरू होतो. तेव्हा पहिला नियम सोपा आहे: हसायचं नाही. समोरच्याने हा फोन करायला तीन दिवस धीर गोळा केलेला असतो. घरच्यांनी त्याची टिंगल करून झालेली असते आणि आता तो एका अनोळखी माणसाशी बोलतोय. तुमच्या आवाजात जरा जरी थट्टा जाणवली तरी पुढची माहिती आखडते, आणि आखडलेली माहिती काही केल्या परत सैल होत नाही.

परग्रहावरून कोणी येतं की नाही, या वादात मी इथे शिरणार नाही. तो वाद घालायला फक्त वेळ लागतो. आलेली एक नोंद नीट तपासायला मात्र थोडी तयारी लागते, ती कशी करायची तेवढंच सांगतो.

आपण नेमकं काय तपासतो

उडती तबकडी तुमच्या टेबलावर कधीच येत नाही. येते एक हकीकत. ‘फ्लाइंग सॉसर’ हा शब्दसुद्धा हकिकतीच्या घोटाळ्यातूनच जन्मला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेतल्या माउंट रेनिअर डोंगराजवळ नऊ चकाकत्या वस्तू रांगेने जाताना दिसल्या. त्या कशा उडत होत्या हे सांगताना त्याने पाण्यावरून टप्पे घेत जाणाऱ्या बशीची उपमा दिली. वर्तमानपत्रांनी ती बशी गतीवरून उचलली आणि आकाराला चिकटवली. त्यानंतर लोकांना बशाच दिसू लागल्या. साक्षीदाराचे शब्द आणि तुम्ही लिहून घेतलेले शब्द यांत एवढंसं अंतर पडलं तरी काय होतं, ते या उदाहरणावरून पक्कं लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे आकड्यांची जाण हवी. अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या यूएफओ-तपास मोहिमेने १९६९ मध्ये काम गुंडाळलं तेव्हा त्यांच्याकडे १२,६१८ नोंदी होत्या. त्यांतल्या ७०१ ‘अनोळखी’ म्हणून शिल्लक राहिल्या, म्हणजे शंभरात पाच-सहा. अ‍ॅलन हेंड्री या तपासनिसाने सत्तरच्या दशकात स्वतः १,३०७ नोंदी हाताळल्या. त्याच्याकडेही दहातल्या नऊंचा उलगडा झाला. यातले बहुतेक साक्षीदार खोटं बोलत नव्हते, वेडे नव्हते, प्यायलेलेही नव्हते. त्यांनी खरोखरच काहीतरी पाहिलं होतं, फक्त ते काय आहे हे त्यांना ओळखू आलं नव्हतं. थापाड्यांचं प्रमाण बाहेरच्यांना वाटतं त्याहून पुष्कळ कमी आहे. म्हणून साक्षीदार खरा की खोटा या प्रश्नाने सुरुवात करू नका. तो प्रश्न तपासाच्या शेवटी येतो, कधीकधी येतही नाही.

पहिलं बोलणं

शक्य तितक्या लवकर बोला. आठवण ओल्या मातीसारखी असते: तिच्यावर दुसऱ्यांच्या गप्पांचे, बातम्यांचे, व्हिडिओंचे ठसे उमटत जातात आणि मग मूळ पाऊल कोणतं ते कळत नाही.

बोलण्याचा क्रम असा ठेवा. आधी त्यांना सगळं सलग सांगू द्या. मध्ये तोंड घालू नका, ‘अच्छा, म्हणजे त्रिकोणी होतं का?’ असं तर मुळीच विचारू नका. त्रिकोण हा शब्द तुमच्याकडून गेला की तो पुढे त्यांचाच होतो. सांगून झालं की कागद-पेन्सिल द्या आणि दिसलं ते काढायला सांगा. चित्र बेंगरूळ असलं तरी चालेल. दोन-तीन चित्रं काढून घ्या: सुरुवातीला कसं होतं, मधे कसं, आणि नाहीसं होताना कसं. क्षितिज, झाडं, इमारती, विजेचे खांब जे असेल ते चित्रात आलंच पाहिजे. मग दुसऱ्यांदा सांगायला सांगा. या वेळी घटनेच्या थोडं आधीपासून: कुठून येत होतात, दार कोणी उघडलं, वर का पाहिलंत, थंडी होती का. प्रसंगाची चौकट पुन्हा उभी केली की तपशील आपसूक वर येतात. पोलिसी चौकशीसाठी फिशर आणि गाइसेलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात जी मुलाखतपद्धत बसवली, तिचं हेच मुख्य अंग आहे. कधी शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं सांगायला लावा. सवयीने जुळलेले धागे तिथे सुटतात.

साक्षीदार दोन किंवा अधिक असतील तर प्रत्येकाशी वेगळं बोला, चित्रंही वेगळी काढून घ्या. एकत्र बसवलंत की सर्वांत आत्मविश्वासाने बोलणाऱ्याची आठवण बाकीच्यांची होते. ते आधीच आपापसांत बोलले असतील, हे गृहीतच धरा. मग निदान कोण कोणाशी कधी बोललं, एवढं नोंदवून ठेवा.

आणि संमोहन नको. ‘विसरलेलं बाहेर काढू’ म्हणून कोणी सुचवेल. संमोहनाने आठवण वाढल्यासारखी वाटते, पण तिच्यात कल्पना किती मिसळली ते वेगळं काढता येत नाही. आणि माणसाचा स्वतःच्या सांगण्यावरचा विश्वास मात्र दुप्पट होतो. त्या वाटेला गेलेली फाइल माझ्या लेखी बाद.

वेळ. आणि पुन्हा वेळ.

‘साडेआठच्या सुमारास’ हे उत्तर घेऊन उठू नका. साडेआठ कशावरून? कोणता कार्यक्रम लागला होता? फोन कोणाला केला? व्हिडिओ काढला असेल तर फाइलवर काय वेळ आहे? फोनच्या कॉल-नोंदीत आणि मेसेजमध्ये मिनिटासकट पुरावा पडलेला असतो: ‘बाहेर ये लवकर, आकाशात बघ’ असा मेसेज कोणीतरी पाठवलेला असतोच.

तारखेचंही तेच. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांनी जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना १९७३ मध्ये स्वतःला दिसलेल्या एका दिव्याची नोंद भरून दिली. लीअरी नावाच्या गावात लायन्स क्लबच्या सभेआधी तो दिसला होता. तारीख लिहिली ऑक्टोबर १९६९. पुढे रॉबर्ट शेफर या चिकित्सक अभ्यासकाने क्लबची कागदपत्रं शोधली तेव्हा ती सभा ६ जानेवारी १९६९ ची निघाली. चूक नऊ महिन्यांची. ऑक्टोबरचं आकाश धरून बसलं असतं तर काहीच जुळलं नसतं. जानेवारीच्या त्या संध्याकाळी मात्र पश्चिमेकडे शुक्र झळकत होता. नंतर आणखी एका अभ्यासकाने त्याच संध्याकाळी रॉकेटमधून वातावरणात सोडलेल्या बेरियमच्या ढगाकडे बोट दाखवलं. दोघांपैकी कोणाचं बरोबर यावर वाद घाला हवा तर, पण वाद घालण्याजोगी स्थिती आली ती खरी तारीख सापडल्यामुळे.

माझी स्वतःची फजिती इथेच सांगून टाकतो. सुरुवातीच्या काळात एका प्रकरणात मी विमानांच्या मार्गांची जुनी नोंद तपासली आणि ‘त्या वेळी तिथे एकही विमान नव्हतं’ असं छातीठोक लिहून मोकळा झालो. ती नोंद जागतिक प्रमाणवेळेत होती. मी ती स्थानिक समजलो होतो. दोन आठवडे अनेकांचा वेळ खाल्ल्यावर एकाने शांतपणे घड्याळाकडे बोट दाखवलं. विमान होतं, अगदी बरोबर जागी होतं. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर मी दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहितो.

किती वेळ दिसलं, हेही वेळेइतकंच कामाचं. लोक कालावधी वाढवून सांगतात. उपाय एकच: ‘मनात तो प्रसंग पुन्हा चालवा, सुरू झाला की हो म्हणा, संपला की थांबा म्हणा,’ असं सांगून तुम्ही घड्याळ लावा. ‘पाच मिनिटं’ सांगितलेलं अनेकदा चाळीस सेकंदांवर येतं. उल्का असेल तर खेळ काही सेकंदांत आटोपतो. उपग्रहाला काही मिनिटं लागतात. ग्रह तास-दोन तास तसाच असतो. नुसत्या कालावधीवरून अर्धे पर्याय गळून पडतात.

जागेवर जा

फोनवर तपास होत नाही असं नाही, पण जागेवर गेल्यावर जे कळतं ते फोनवर कळत नाही. साक्षीदाराला त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी, नेमकं तिथेच उभं करा. खिडकीतून पाहिलं असेल तर खिडकीतूनच. काचेत घरातल्या दिव्याचं प्रतिबिंब दिसतं का, हेही तिथेच कळेल.

आता मापं. ‘केवढं होतं?’ या प्रश्नाला ‘बसएवढं’ असं उत्तर येतं, आणि ते उत्तर निरुपयोगी आहे. अंतर माहीत नसताना डोळ्याला आकार कळत नाही, कळतो तो फक्त कोन. शंभर मीटरवरचा ३० सेंटिमीटरचा फुगा आणि एक किलोमीटरवरची ३ मीटरची वस्तू डोळ्यात अगदी सारखी जागा व्यापतात. म्हणून विचारायचं असं: हात लांब करून धरला तर ते करंगळीच्या नखाआड झाकलं गेलं असतं का? लांब केलेल्या हाताची करंगळी साधारण १ अंश झाकते, मूठ १० अंश आणि पूर्ण ताणलेली वीत सुमारे २० अंश. पूर्ण चंद्र फक्त अर्धा अंश असतो. हे कोणालाच पटत नाही. लांब धरलेल्या करंगळीआड चंद्र दोनदा मावतो, एकदा स्वतः करून बघा. पुढे कधी अंतर कळलंच, तर अंतराला कोनाने गुणून ५७ ने भागा, खरा आकार मिळेल.

क्षितिजापासूनची उंचीही बोटाने दाखवायला लावा आणि तुम्ही कोनमापकाने मोजा. तोंडी सांगितलेली उंची जवळजवळ नेहमी जास्त असते. ‘अर्ध्या आकाशात’, म्हणजे ४५ अंशांवर, असं म्हणणारा माणूस पुष्कळदा ३० अंशांकडे बोट दाखवतो. ‘डोक्यावर’ म्हणजे ६०-७० अंशही असू शकतात. दिशा होकायंत्राने घ्या, पण फोनमधलं होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ किंवा गाडीजवळ वेड्यासारखं वागतं. त्यापेक्षा चांगली युक्ती म्हणजे ‘त्या टाकीच्या किंचित डावीकडे’ अशी खूण घ्यायची आणि घरी आल्यावर नकाशावर साक्षीदाराची जागा आणि ती टाकी जोडून दिशा काढायची. रेघ खोटं बोलत नाही.

दिसू लागल्याची दिशा, नाहीसं झाल्याची दिशा, दोन्ही ठिकाणची उंची आणि मधला वेळ, एवढं मिळालं की जागेवरचं काम झालं. दुसरा साक्षीदार एक-दोन किलोमीटर दूर असेल तर नशीब उघडलं म्हणायचं. दोन्हीकडून रेघा ओढा, त्या जिथे एकमेकींना छेदतील तिथे वस्तू. रेघा समांतर धावत राहिल्या, तर ती वस्तू साक्षीदारांना वाटली त्यापेक्षा खूप दूर होती.

शब्दांचा अर्थ लावताना

काही शब्दांवर मी लाल पेनने गोल करतो. ‘आमच्या मागे येत होतं’, हे गाडीतून पाहणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य आहे. खूप दूरची वस्तू आपण हललो तरी जागची हलत नाही. जवळची झाडं मात्र मागे पळतात, म्हणून ती वस्तू सोबत येते असं वाटतं. चंद्र लहान मुलाच्या मागे धावतो तो याच कारणाने. ‘थरथरत होतं, इकडेतिकडे सरकत होतं’: पूर्ण अंधारात एकट्या स्थिर दिव्याकडे टक लावली की तो हलल्याचा भास होतो. डोळ्याला धरून ठेवायला आजूबाजूला काही नसतं. म्हणून विचारा, ते एखाद्या छपराच्या किंवा खांबाच्या संदर्भात सरकलं का? ‘अचानक विजेच्या वेगाने निघून गेलं’: म्हणजे क्षितिजापर्यंत जाताना दिसलं, की मंद होत विझलं? दोन्हींसाठी माणसं हेच वाक्य वापरतात.

‘मोठं काळं यान होतं, त्याला दिवे होते’ हे वाक्य सगळ्यांत फसवं. ३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत झोंड ४ या अवकाश मोहिमेचे जळते तुकडे अमेरिकेच्या पूर्व भागावरून वातावरणात शिरले. अनेकांनी जळते ठिपके पाहिले तसेच सांगितले. पण काही जणांनी चिरूटासारखं लांबलचक यान सांगितलं, त्याला चौकोनी खिडक्या सांगितल्या. ठिपक्यांच्या मधली काळी जागा मनाने धातूने भरून टाकली होती. कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात ही सगळी वर्णनं शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली. मला तरी या क्षेत्रातलं याहून शिकवणारं प्रकरण माहीत नाही. म्हणून नेहमी विचारा: यानाची कड प्रत्यक्ष दिसली का? त्याआड तारे झाकले गेले का?

आता चाळणी

मापं हाती आली की पर्याय एकेक करून घ्यायचे. सोप्यापासून सुरू करा आणि प्रत्येक पर्याय का ठेवला, का काढला ते लिहीत जा.

सगळ्यांत आधी स्टेलेरियमसारखं आकाशाचं सॉफ्टवेअर उघडा. जागा, तारीख, वेळ घाला आणि त्या दिशेला बघा. शुक्र तिथे असेल तर बहुधा काम संपलं. तो इतका तेजस्वी होतो की त्याला पाहून अनुभवी वैमानिकही फसले आहेत. पण शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा दूर जात नाही. त्यामुळे संध्याकाळनंतर काही तास पश्चिमेला किंवा पहाटेआधी पूर्वेला एवढीच त्याची हजेरी. भर मध्यरात्री डोक्यावर दिसलेल्या दिव्याला शुक्र म्हणू नका, नाहीतर साक्षीदार तुमच्यावरचा विश्वास काढून घेईल आणि ते योग्यच असेल. गुरू मात्र मध्यरात्रीही असू शकतो. ‘लाल-हिरवा-निळा चमकत होता’ असं आलं तर क्षितिजालगतचा व्याध किंवा ब्रह्महृदय हा तारा तपासा. हवेच्या थरांतून येताना त्यांचे रंग फुटतात. ग्रह-ताऱ्यांची पक्की खूण अशी की ते तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकतात आणि दुसऱ्या दिवशी जवळपास त्याच वेळी तिथेच असतात. साक्षीदाराला सांगा, उद्या पुन्हा बघा.

मग विमानं. तुमच्या दिशेने येणाऱ्या विमानाचा उतरण्याचा दिवा कितीतरी मिनिटं एका जागी लटकल्यासारखा दिसतो, आवाज येत नाही, मग विमान वळतं आणि दिवा ‘गायब’ होतो. फ्लाइटरडार२४ किंवा एडीएस-बी एक्स्चेंज या संकेतस्थळांवर जुने मार्ग बघता येतात. लष्करी विमानं तिथे दिसतीलच असं नाही, त्यामुळे नोंद नाही म्हणजे विमान नव्हतं असं ठरत नाही.

उपग्रहांचं आजकाल सगळ्यांत जास्त काम पडतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून जातं. न लुकलुकता, शांतपणे, पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतं, आणि कधी मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतं. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर त्याची वेळ मिनिटाच्या आत मिळते. मे २०१९ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकदम सुटले आणि तेव्हापासून ‘दिव्यांची आगगाडी’ हा नवा नोंदप्रकार सुरू झाला. सोडल्यानंतरच्या काही दिवसांत ते एका रांगेत, सारख्या अंतराने जातात, पुढे पांगतात. दुसरा प्रकार कमी माहितीचा आहे: रात्री उशिरा क्षितिजाजवळ, ज्या बाजूला जमिनीखाली सूर्य आहे त्या बाजूला, एकामागून एक दिवे पेटतात, विझतात, जणू एकमेकांभोवती फिरतात. तेही हेच उपग्रह, सूर्याचा कवडसा आपल्याकडे फेकणारे. वैमानिकांकडून अशा नोंदी पुष्कळ येतात. एक सावधगिरी बाळगा: उपग्रहाची जागा काढताना त्या तारखेच्या जवळचीच कक्षेची माहिती वापरा. महिन्यानंतरची वापरलीत तर उत्तर चुकेल आणि चुकलंय हे कळणारही नाही.

उल्का आणि परत येणारा अवकाश-कचरा यांतला फरक वेगाचा. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटरने शिरते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते. कचरा सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवा, तुकडे सांडत, अर्धा मिनिट ते दोनेक मिनिटं जातो. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे लोक अग्निगोलांच्या नोंदी देतात. तिथे त्याच रात्रीच्या आणखी वीस नोंदी सापडल्या की सुटकेचा निःश्वास टाका.

फुगे आणि कागदी कंदील वाऱ्याचे गुलाम असतात, म्हणून त्यांची कसोटी वारा. नारिंगी दिवे, एकामागून एक, आवाज नाही, काही मिनिटांनी विझले: आधी कंदील समजा आणि त्या उंचीवरच्या वाऱ्याची दिशा काढा. जमिनीवरचा वारा धरू नका, वर तो वेगळ्याच दिशेला वाहत असतो. दिवे वाऱ्याविरुद्ध गेले असतील तर कंदील खोडा. हवामान खात्यांचे फुगे जगभर दिवसातून दोनदा, जागतिक वेळेच्या ० आणि १२ वाजताच्या मोजणीसाठी, थोडे आधी सोडले जातात. ते सुमारे ३० किलोमीटरवर जाऊन फुटतात. खाली अंधार पडलेला असताना त्यांच्यावर ऊन असतं, म्हणून संध्याकाळी ते चांदीच्या थेंबासारखे चमकतात.

रॉकेटचं तसंच. ९ डिसेंबर २००९ ला नॉर्वेच्या आकाशात जे प्रचंड निळसर वेटोळं दिसलं ते बिघडलेल्या रशियन बुलावा क्षेपणास्त्राचं होतं. जून २०२२ मध्ये न्यूझीलंडवर दिसलेलं वेटोळं फाल्कन ९ रॉकेटच्या वरच्या टप्प्याने सोडलेल्या वायूचं होतं. वेटोळं म्हटलं की प्रक्षेपणांची यादी उघडा. ड्रोन, प्रकाशझोत, भिंगाच्या आकाराचे ढग, सूर्याच्या दोन्ही बाजूंना २२ अंशांवर पडणारे तेजस्वी डाग, हे सगळं उरलेल्यांसाठी.

आणि कधीकधी एका कथेत दोन घटना असतात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरावरचे १३ मार्च १९९७ चे ‘फिनिक्सचे दिवे’ घ्या. साधारण आठ वाजता व्ही-आकारात सरकत गेलेले दिवे वेगळे, दहाच्या सुमाराचे, सर्वत्र दाखवले जाणारे स्थिर दिवे वेगळे. पहिल्यांकडे एका हौशी निरीक्षकाने दुर्बीण रोखली तेव्हा त्याला विमानं दिसली. दुसरे लष्करी सरावात सोडलेले पॅराशूटचे प्रकाशगोळे होते आणि ते डोंगरामागे एकेक करून मावळले. दोन्ही एकच समजून उत्तर शोधणारे अजून शोधताहेत.

फोटो आणि व्हिडिओ

मूळ फाइल मागा. मेसेजमधून फिरून आलेली नको, कारण तिच्यातली वेळेची आणि कॅमेऱ्याची माहिती पुसलेली असते. पहिला प्रश्न: हे काढताना दिसलं, की नंतर फोटोत सापडलं? नंतर सापडलेल्या ‘तबकड्या’ म्हणजे बहुधा भिंगासमोरून गेलेला किडा, पक्षी किंवा दिव्याचं भिंगातलं प्रतिबिंब. प्रतिबिंब ओळखायला फोटोच्या केंद्रबिंदूतून रेघ ओढा. तेजस्वी दिव्याच्या बरोबर उलट बाजूला हिरवट ठिपका असेल तर तोच तो. फोकस सुटलेला तारा भिंगातल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा आकार घेतो, मग गोल, षटकोनी किंवा त्रिकोणी यान तयार. अमेरिकी नौदलाच्या जहाजावरून टिपलेल्या गाजलेल्या हिरव्या त्रिकोणांबद्दल मे २०२२ मध्ये तिथल्या संसदीय सुनावणीत नौदलाच्या अधिकाऱ्याने हेच सांगितलं: रात्री पाहण्याच्या चष्म्यातून आलेला प्रकाश कॅमेऱ्याने टिपताना त्रिकोण उमटला. शंका असेल तर साक्षीदाराच्याच फोनने, त्याच झूमवर, शुक्राचा व्हिडिओ काढा आणि दोन्ही शेजारी लावा. या प्रयोगासमोर माझा कोणताही युक्तिवाद फिका पडतो.

जमिनीवरच्या खुणा सांगणारं प्रकरण आलंच तर मापपट्टीसह फोटो घ्या, खुणेच्या आतली आणि मुद्दाम बाहेरची अशी दोन्ही माती वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या, वर तारीख लिहा, आणि स्वतः प्रयोगशाळा होऊ नका.

निकाल कसा लिहायचा

फ्रान्सच्या अवकाश संस्थेत १९७७ पासून या कामाचा अधिकृत विभाग आहे, सध्याचं नाव जिपान. त्यांची चार खाती मला सर्वांत प्रामाणिक वाटतात: अ म्हणजे ओळख पटली, ब म्हणजे बहुधा पटली, क म्हणजे माहिती अपुरी, आणि ड म्हणजे पुरेशी माहिती असूनही उलगडा नाही. नवखा माणूस क आणि ड यांत गल्लत करतो. वेळ नाही, दिशा नाही, एकच साक्षीदार, तोही दहा वर्षांनी सांगतोय, आणि तुम्हाला उत्तर सापडलं नाही: हे क. त्याला ‘अनुत्तरित रहस्य’ म्हणणं म्हणजे आपल्या अज्ञानाला पदक देणं. ड ला जायची लायकी येण्यासाठी माहिती भक्कम लागते. खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक यांनी याच कारणासाठी प्रत्येक नोंदीला दोन वेगळे गुण द्यायला सुचवलं: घटना किती विचित्र, आणि सांगणं किती भरवशाचं. विचित्रपणा भरपूर आणि भरवसा शून्य, असल्या फाइलींनी कपाट भरतं.

घाईही नको. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमधल्या नोंदींवर याच हायनेक यांनी काही दिवसांतच पत्रकारांसमोर दलदलीतल्या वायूची शक्यता बोलून दाखवली. त्यांनी ती सगळ्या नोंदींना लावलीही नव्हती. तरी देशभर हसं झालं आणि तो शब्द त्यांना जन्मभर चिकटला. तपास चालू असताना कोणी विचारलं तर ‘तपास चालू आहे’ एवढंच म्हणा.

अहवालात साक्षीदाराचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा कोणताही तपशील बाहेर जाऊ देऊ नका. काढून टाकलेले पर्यायही कारणांसह लिहा, म्हणजे दुसरा कोणी तीच मापं घेऊन तुमची चूक काढू शकेल.

शेवटी साक्षीदाराला निकाल तुम्हीच सांगा, तोही इतर कोणाला सांगण्याआधी. ‘तो शुक्र होता’ असं तोंडावर फेकू नका. स्क्रीनवर त्यांच्या खिडकीतलं त्या रात्रीचं आकाश उघडा, त्यांनी काढलेलं चित्र शेजारी ठेवा आणि गप्प बसा. बहुतेक जण स्वतःच बोट ठेवतात. काही जण ठेवत नाहीत. ‘मी पाहिलं ते हे नव्हतं’ म्हणतात. वाद घालू नका, नेमकं काय वेगळं होतं ते विचारा. क्वचित त्या उत्तरात असा तपशील निघतो की फाइल पुन्हा उघडावी लागते. तसं काही निघालं नाही, तरी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत शेवटच्या पानावर लिहा, खाली तारीख घाला आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या.